घरच्या सुतारकामाच्या खोलीसाठी हत्यारांचं कपाट: आपल्याकडच्या पावसात टिकेल असं

भिंतभर टांगलेली हत्यारं, प्रत्येकाची जागा ठरलेली, खाली स्वच्छ बेंच, असले व्हिडिओ बघून बरेच जण कामाला लागतात आणि पहिलं काय करतात तर भोकांचा बोर्ड आणून भिंतीला ठोकतात. बोर्ड वाईट नाही. अथणी, रायबागकडं पाऊस बेताचा, तिकडं चालून जाईल, तिकडं त्रास धुळीचा. पण बेळगावातून पश्चिमेला जसजसं जावं, किणये, जांबोटी, कणकुंबी, इकडं खानापूर, तसतसा पाऊस वाढत जातो आणि जून ते सप्टेंबर लोखंड उघड्यावर ठेवायची सोयच नसते. परवा धार लावून ठेवलेल्या पटाशीवर आज तांबूस ठिपके. म्हणून माझं मत सरळ आहे, आपल्याकडं हत्यारांना दारं असलेलं बंद कपाटच पाहिजे, आणि त्याच्याखाली बेंचमध्ये ड्रॉवर. उघडी भिंत फक्त क्लॅम्प, लाकडी मोगरी, पट्ट्या असल्या गोष्टींना.

खाली जे कपाट सांगतोय ते भिंतीवर टांगायचं आहे, दारंसुद्धा आतून पोकळ पेटीसारखी, म्हणजे दार उघडलं की दारातली हत्यारं पण समोर येतात. कमी जागेत यापेक्षा जास्त माल बसवणारी रचना मला तरी माहीत नाही.

आधी सगळं बाहेर काढा

मापं घ्यायच्या आधी सगळी हत्यारं एका जागी मांडायला हवीत. खंडेनवमीला आपण सगळी हत्यारं काढून पुसून पूजेला मांडतोच की, त्याच दिवशी फोटो काढून ठेवला असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर एक रविवार धरा. जमिनीवर पोतं अंथरून तीन ढीग करायचे. रोज हातात येतं ते एका बाजूला: पटाशा, रंधा, गुण्या, मार्किंग गेज, बारीक करवत, हातोडा, टेप, पेन्सिल. आठवड्या-पंधरवड्यातून लागतं ते दुसरीकडं, म्हणजे कानशी, गिरमिट, मोठी करवत, ड्रिलचे बिट. आणि तिसरा ढीग वर्षातून एकदा लागणाऱ्यांचा, किंवा मोडलेल्यांचा, किंवा आज्जाच्या वेळचा वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आहे म्हणून ठेवलाय अशांचा. तिसऱ्या ढिगाला कपाटात जागा द्यायची नाही, त्यांना माळ्यावर पेटी.

आता जुन्या खोक्याचा पुठ्ठा कपाटाच्या मापाचा कापा, ९०० बाय ८०० मिमी, आणि त्याच्यावर पहिला ढीग मांडून बघा. दारांसाठी ४५० बाय ८०० चे दोन पुठ्ठे बाजूला. हे सोडून लोक थेट प्लाय आणतात आणि मग मोठी करवत चार बोटं बाहेर राहते. पुठ्ठ्यावर सरकवायला पैसे पडत नाहीत. हत्यार उचलताना बोटं घालायला जागा लागते हे मांडताना डोक्यात ठेवा, दोन मुठींच्या मध्ये एक इंच तरी मोकळा.

भिंत कुठली

पाऊस आपल्याकडं नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळं पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत झडीनं भिजते आणि आतून घाम फुटल्यासारखी ओली होते. त्या भिंतीला कपाट लावायचं नाही. घराच्या आतल्या बाजूची, दोन खोल्यांच्या मधली भिंत सगळ्यात चांगली. ती नसेल तर पूर्वेची.

भिंत कशाची आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. विटांची असेल तर काही प्रश्न नाही. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल तर चिऱ्याच्या मधोमध भोक पाडायचं, सांध्यात नाही, जुन्या घरात सांधे मातीचे असतात, तिथं गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती) धरत नाही. जांभा मऊ आणि भोकाभोकांचा, त्यामुळं लोखंडी अँकर ठोकून आवळला की तो फुगताना आजूबाजूचा दगडच भुगा होतो. तिथं १० मिमीची लांब प्लास्टिकची गिट्टी आणि चार इंची स्क्रू, आणि ड्रिल मशीनचं हॅमर बंद ठेवून भोक. हॅमरवर पाडलं की भोक वेडंवाकडं मोठं होतं.

मातीची भिंत असेल तर टांगायचा विचार सोडा. भरलेलं कपाट ५०-६० किलोच्या घरात जातं. तिथं कपाटाला खाली पाय करून जमिनीवर उभं करा, नाहीतर बेंचच्या मागं दोन खांब उभे करून त्याला लावा. खांबाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायला विसरू नका, मातीतनं वाळवी लाकडात चढते ती अशाच जागेतनं.

उंचीचं म्हणाल तर बेंच साधारण ३४ इंचाचा असतो, त्याच्यावर एक फूट मोकळा सोडून कपाट सुरू करायचं. दारं १८० अंशात उघडतात, म्हणून दोन्ही बाजूला दीड-दीड फूट भिंत मोकळी पाहिजे. तिथं लाईटचा स्विचबोर्ड असला की झालं, आधी बघा.

माल

प्लाय घेताना शिक्का बघायचा. साधा एमआर (थोडी ओल सोसणारा) ग्रेडचा प्लाय खोलीतल्या फर्निचरला ठीक, पण पडवीत किंवा गोठ्याच्या जागेत खोली केली असेल तर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा), आणि खानापूरच्या पलीकडं असाल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन घ्या. काउंटरवर "घ्या की अण्णा, वॉटरप्रूफच हाय" असं प्रत्येक प्लायबद्दल सांगतात, त्याला काही अर्थ नाही, शीट उलटी करून शिक्का वाचा. आणि कडेनं बघा, मधल्या थरात पोकळ्या दिसतात का. पोकळी असेल तिथं स्क्रू धरणार नाही. एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड) नकोच, ओल लागली की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत.

१८ मिमीची एक शीट आणि १२ मिमीची एक, दोन्ही आठ बाय चार फुटी (२४४० बाय १२२० मिमी). आता कुणी म्हणेल १२ ची अर्धी पुरेल की. क्षेत्रफळ काढलं तर खरंच पुरते. पण पाठीला ९०० बाय ८०० चा तुकडा काढला की अर्ध्या शीटमध्ये उरतात ते ४१७ आणि ३१७ रुंदीचे तुकडे, आणि दाराला लागतात ४४८ चे. बसत नाहीत. पूर्ण शीटवर ८०० ची एक लांब पट्टी उभी चिरली की पाठ आणि दोन्ही दारं एकापाठोपाठ निघतात आणि उरलेल्यात ड्रॉवर होतात. म्हणून कागदावर शीट काढून तुकडे मांडायचे, बेरीज-गुणाकारावर जायचं नाही. पातं जिथून जाईल तिथं एक सूत जातं हे पण धरा. एक इंचात आठ सूत, म्हणजे सूत तीन मिमीच्या थोडं वर.

पट्ट्या, हत्यारं अडकवायचे रॅक, कडांची लिपिंग (प्लायची कड झाकणारी पातळ पट्टी) यासाठी सागाचे तुकडे लागतील. नवीन साग आणायची गरज नाही. आपल्याकडं जुनी घरं पडतात तेव्हा चौकटी, तुळया वखारीत येतात, तीस-चाळीस वर्षं वाळलेलं लाकूड, नव्या ओल्या सागापेक्षा हजारपट बरं. फक्त रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून मोळे शोधा, आत तुटलेला एक मोळा रंध्याच्या पात्याची वाट लावतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ पण स्वस्तात मिळते, दिसायला चांगली, पण नीट वाळलेली नसेल तर पिळते, आणि बाभळीच्या जातीच्या लाकडात कस, म्हणजे टॅनिन असतं, ओलीत लोखंडाला टेकलं की काळे डाग पडतात. रॅकला नको.

स्क्रू चिपबोर्डचे पिवळे झिंकवाले, ५०, ३० आणि १६ मिमी. काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त म्हणून घेतात लोक, ते ठिसूळ असतात, आवळताना मुंडी तुटते आणि पावसाळ्यात गंजतात ते वेगळंच. गोंद मरीन फेविकॉल. दारांना पियानो बिजागरी, पूर्ण उंचीची.

कापायची मापं

१८ मिमीमधून:
बाजू ८०० × २२५, दोन
वर-खाल ८६४ × २२५, दोन
मधला कप्पा ८६४ × २००, एक
दाराच्या उभ्या पट्ट्या ८०० × ७५, चार
दाराच्या आडव्या ४१२ × ७५, चार
टांगायची पट्टी ८६० × १२५, एक (ही पुढं मधून तिरकी चिरायची)
खालची आधारपट्टी ८६० × ६०, एक

१२ मिमीमधून:
पाठ ९०० × ८००, एक
दाराची तोंडं ४४८ × ८००, दोन

मापं १८ मिमी जाडी धरून दिलीत, पण दुकानात मिळणारी शीट कधी १७ भरते कधी साडेसतरा. आपली शीट मोजा आणि आडव्या तुकड्यांची लांबी त्याप्रमाणं काढा: ९०० मधून दोन जाड्या वजा. दारं दोन्ही मिळून ८९६, म्हणजे मध्ये नि कडेला मिळून ४ मिमी फट. उन्हाळ्यात ही फट जास्त वाटेल, जुलैमध्ये कळेल का ठेवली ते.

घरी टेबल सॉ नसेल तर सर्क्युलर सॉ आणि क्लॅम्पनं धरलेली सरळ पट्टी एवढ्यात काम होतं. काही प्लायवाल्यांकडं किंवा फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये पॅनल सॉवर कापून देतात, थोडे पैसे घेतात पण काटकोन पक्का येतो. त्यांच्याकडून कापून घेणार असाल तर मापांचा कागद मिमीमध्ये न्या, इंच-सूत आणि मिमी मिसळले की गोंधळ ठरलेला.

जोडणी

बाजूंच्या मध्ये वर-खालचे तुकडे बसवायचे, म्हणजे बाजू पूर्ण उंचीच्या. कडेला गोंद, मग बाजूतून तीन-तीन स्क्रू ५० चे. प्रत्येक स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक, नाहीतर प्लायचे थर उकलतात. गोंद ओला असतानाच कर्ण मोजा, दोन्ही कर्ण १२०४ मिमीच्या आसपास आणि मुख्य म्हणजे एकमेकांसारखे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांना क्लॅम्प लावून ओढा.

मग पाठ. पाठ मागनं पूर्ण झाकून बसते, खोबणी वगैरे काही नाही. सगळ्या कडांना गोंद आणि सहा-सहा इंचावर ३० चे स्क्रू. हीच पाठ कपाटाला ताठ धरते, म्हणून इथं ६ मिमीवर भागवायचं नाही.

मधला कप्पा तळापासून आतून ४०० मिमीवर. खाली रंधे, वर बाकीचं. कप्पा २०० चाच ठेवलाय, पुढं एक इंच मोकळा, दारातल्या हत्यारांच्या मुठींना जागा राहते.

दारं म्हणजे दोन उथळ पेट्या. ७५ च्या पट्ट्यांची चौकट, वरून १२ मिमीचं तोंड. कडांना सागाची पातळ लिपिंग लावायची असेल तर या टप्प्याला लावा आणि तिची जाडी दाराच्या रुंदीतून आधीच वजा करा.

बिजागरी लावताना कपाट पाठीवर झोपवायचं, दारं वर ठेवायची, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून फट धरायची, मग वरचा, खालचा आणि मधला एवढेच स्क्रू लावून उघडून-मिटून बघायचं. नीट बसलं की उरलेले सगळे.

पॉलिश: आतून-बाहेरून लाखेचं स्पिरिट पॉलिश, तीन हात. जुनं वाटेल पण हवेतली ओल लाकडात जाऊ न देण्यात लाख चांगली. पाण्याचा पेला ठेवला तर पांढरा डाग पडतो, पण कपाटावर पेला कोण ठेवतं. प्लायच्या कापलेल्या कडा हात मारून मारून भरून घ्या, ओल तिथनंच जाते. बाहेरून ऑइल पेंट चालेल, आतून नको, बंद कपाटात त्याचा वास आठवडे कोंडून राहतो.

भिंतीवर चढवणं

१२५ ची पट्टी मधून ४५ अंशात लांबीनं चिरायची, दोन पट्ट्या होतात, प्रत्येकीची एक कड तिरकी. एक भिंतीला: तिरकी कड वर, आणि टोकदार धार खोलीकडं, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये व्ही सारखी खाच तयार होते. दुसरी कपाटाच्या पाठीला वरच्या बाजूला, उलटी: तिरकी कड खाली, टोकदार धार भिंतीकडं. कपाट उचलून वरून खाली सोडलं की दोन्ही एकमेकीत बसतात आणि वजनानं अजून घट्ट होतात. यालाच फ्रेंच क्लीट म्हणतात. फायदा असा की उद्या जागा बदलायची तर कपाट उचललं की सुटलं.

कपाटाची पट्टी पाठीतून नुसती १२ मिमी प्लायला लावू नका. आतून वरच्या कडेला सागाची एक पट्टी ठेवून ती, पाठ आणि बाहेरची पट्टी तिन्ही एकत्र आवळा, गोंद लावून. पाठीच्या खालच्या बाजूला ६० ची आधारपट्टी. तिच्यामुळं कपाट सरळ राहतं आणि मागं भिंतीपासून १८ मिमीचं अंतर पडतं. हे अंतर मुद्दाम ठेवलंय. बरेच जण खाच काढून कपाट भिंतीला चिकटवतात, दिसायला बरं, पण आपल्याकडं मागून हवा खेळली पाहिजे, नाहीतर पाठीला बुरशी येते.

भिंतीच्या पट्टीला पाच स्क्रू. पहिला मधला लावा, लेव्हल ट्यूब नाहीतर स्पिरिट लेव्हल धरून बाकीच्या खुणा करा. सगळे आवळून झाले की पट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघा. तुमचं वजन पेललं तर कपाट पेलतं. रिकामं कपाट तीस किलोच्या आसपास भरतं, दारं काढून दोघांनी उचला, एकट्यानं नको.

हत्यारं बसवायच्या जागा

इथं घाई करू नका, कपाट पेटीच आहे शेवटी, कामाचं ठरतं ते आतल्या रॅकवर.

पटाशांचा रॅक आधी, डाव्या दारात. सागाची ४१२ मिमी लांब, ४५ रुंद, २० जाड पट्टी घ्या. पुढच्या कडेपासून २० मिमीवर एक रेघ, तिच्यावर ५५-५५ मिमीवर खुणा, सात पटाशा आरामात बसतात. प्रत्येक खुणेवर वरून २२ मिमीच्या बिटनं फक्त अर्ध्या जाडीपर्यंत, म्हणजे १० मिमी खोल, गोल खळगा. मग पुढच्या कडेपासून खळग्याच्या मध्यापर्यंत १२ मिमी रुंदीची आरपार चीर करवतीनं कापायची, तळ पटाशीनं साफ करायचा. पटाशीची बारीक मान चिरीतून आत जाते, खाली सोडली की मुठीची कडी खळग्यात बसते. आता दार कितीही जोरात उघडा, पटाशी पुढं येत नाही कारण खळग्याची कड तिला अडवते. काढायची असेल तर बोटभर वर उचलून पुढं ओढायची. तुमच्या पटाशांची कडी २२ पेक्षा जाड असेल तर माप बदला, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून आधी रद्दी तुकड्यावर एक भोक करून बघायचं. खाली धारेसमोर एक पातळ आडवी पट्टी मारा, दार उघडं असताना कुणाचा हात लागू नये म्हणून. लहान पोरं खोलीत येत असतील तर दाराला कुलूप पण.

लोहचुंबकाची पट्टी लावून पटाशा चिकटवतात त्याच्या मी विरोधात आहे. पोलादात चुंबकपणा उतरतो आणि मग धार लावताना निघालेला बारीक चुरा पात्यालाच धरून बसतो.

रंध्यांसाठी खालच्या कप्प्यात एक तिरकी फळी: वरचं टोक पाठीला टेकलेलं, खालचं टोक पाठीपासून ७० मिमी पुढं. रंधे तिच्यावर तळ टेकून उभे राहतात. पाच नंबरचा लोखंडी रंधा १४ इंचाचा, ४०० च्या कप्प्यात बसतो. दोन रंध्यांच्या मध्ये ६ मिमीची पातळ पट्टी, एका घराची रुंदी ७५. पातं मागं ओढून ठेवायची सवय लावा. रंध्याच्या मुठी थोड्या दाराच्या पोकळीत येतात, म्हणून दाराच्या खालच्या अर्ध्या भागात समोरासमोर काही लावायचं नाही, लावून बसलात तर दार मिटणार नाही. जुना लाकडी रंधा असेल तर त्याला पावसाळ्यात पाचर जरा ढिली करून ठेवा, लाकूड फुगतं आणि पाचर इतकी घट्ट होते की ठोकून काढताना कान तुटतात.

करवती उजव्या दारात, उभ्या. मुठीच्या भोकाच्या आकाराचा लाकडी ठोकळा दाराला लावायचा, त्याच्यावर मूठ अडकते, आणि ठोकळ्यावर एकाच स्क्रूवर फिरणारी छोटी पट्टी, आडवी केली की करवत कुठं जात नाही. पातं खाली एका चिरीत. २२ इंची करवत मुठीसकट बसते.

गुण्या, बेव्हल, मार्किंग गेज, कंपास यांना वरचा कप्पा. गुण्या खिळ्याला टांगायचा नाही, पडला की काटकोन गेला. त्याला लाकडात चीर पाडून जाड बाजूवर उभा करायचा. पेन्सिलींसाठी ८ मिमीच्या भोकांचा ठोकळा, आणि थोडी जागा मुद्दाम रिकामी सोडा, नवीन हत्यार येणार हे घरच्यांना पण माहीत असतं.

रॅक सगळे स्क्रूनंच लावायचे, गोंद नाही. वर्षभरात जागा बदलावीशी वाटते.

बेंचखालचे ड्रॉवर

ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ ही वायरची मशिनं कपाटात नकोत, जड आणि अवजड, ती खाली. टेलिस्कोपिक चॅनलचा हिशोब सोपा आहे: चॅनल प्रत्येक बाजूला १३ मिमी खातो, म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी म्हणजे आतली मोकळी जागा वजा २६. मोकळी जागा ५०० असेल तर ड्रॉवर ४७४, आणि १२ मिमीच्या बाजू धरल्या तर पुढचा-मागचा तुकडा ४५०. ड्रॉवर एक-दोन मिमी बारीक झाला तर वॉशर टाकून जमतं, मोठा झाला तर परत सोडवून रंधा मारा. खोलीला १८ इंची चॅनल. मशिनांच्या ड्रॉवरचा तळ ९ मिमीचा करा, ६ चा मधे पोट काढतो.

वरचे दोन ड्रॉवर उथळ, तीन इंचाचे, खालचे खोल. उथळ ड्रॉवरमध्ये हत्यार हत्याराखाली दडत नाही. स्क्रू-मोळ्यांना मात्र ड्रॉवर करत बसू नका, घरात कुंद्याचे (बेळगावी मिठाईचे) पारदर्शक प्लास्टिकचे डबे साठलेले असतातच, एकसारख्या मापाचे गोळा करून ड्रॉवरमध्ये ओळीनं बसवा. झाकण घट्ट म्हणून ओल पण जात नाही. बाहेर खडूनं नाही तर मार्करनं माप लिहा.

चॅनल परवडत नसेल तर लाकडी पट्टीवर सरकणारे ड्रॉवर करा, पट्टीवर मेणबत्ती घासायची. पण मग दोन्ही बाजूला सूतभर फट हवीच. मे महिन्यात मस्त सरकणारा ड्रॉवर जुलैत अडकतो.

गंज

कपाट बंद केलं म्हणून गंज थांबत नाही, आतली हवा पण दमटच असते. दाराच्या कडेला चिकटवायची फोम टेप लावा, तिनं धूळ आणि भुसा अडतो, भुसा ओल धरतो आणि लोखंडावर बसला की खाली गंज सुरू. काम संपलं की मशीन ऑइलचा हलका हात, शिवणयंत्राचं तेल चालतं. खोबरेल नको, ते चिकट होतं. रंध्याच्या तळाला आणि करवतीला तेलापेक्षा मेण बरं, लाकडाला डाग पडत नाहीत आणि सरकतं पण.

कापराच्या वड्या मी ठेवतो, जुने फिटर पण पेटीत ठेवायचे, पण तेलाला पर्याय म्हणून नव्हे. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, फक्त ओल पिऊन भरल्या की त्या नुसत्या पुड्या राहतात, उन्हात ठेवून नीट वाळत नाहीत. ज्यांच्याकडं उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, ओळखी आहेत त्यांनी गंजरोधक कागद मागून बघा, मशीन शॉपवाले तयार पार्ट त्यात गुंडाळतात. खोल ड्रॉवरच्या तळाला तो अंथरला की झालं. कातडी म्यानात पटाशी ठेवायची पद्धत मात्र पावसाळ्यात बंद करा, कातडं ओल धरतं आणि पात्यावर सोडतं.

जुना १५ वॅटचा पिवळा झिरो बल्ब कपाटात जळता ठेवायची एक युक्ती आहे, त्याच्या गरमीनं आत ओल कमी राहते. चालते, पण बल्बला जाळी पाहिजे आणि आजूबाजूला भुसा नको, आणि करंटची वायरिंग नीट करता येत नसेल तर या फंदात पडू नका. एलईडीचा काही उपयोग नाही, तो तापतच नाही. बॅटरीवरच्या मशीनचा चार्जर कपाटाच्या बाहेर.

काम सुरू करायचं तर फेब्रुवारी-मार्च धरा. तेव्हा प्लाय आणि साग दोन्ही कोरडे असतात, पॉलिश लवकर सुकतं, आणि मृगाच्या आधी दारं आठ दिवस उघडी ठेवून वास घालवायला वेळ मिळतो. पावसाळ्यात आणलेली शीट लगेच कापू नका, खोलीत आडवी, खाली तीन-चार पट्ट्या देऊन आठवडाभर ठेवा, उभी टेकवून ठेवली तर वाकते.